एका मताची दंतकथा

१६ मे १८६८ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये कॅन्ससचे एडमंड रॉस उभे राहिले, ‘दोषी नाही’ एवढंच म्हणाले आणि अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांची खुर्ची वाचली. दोषी ठरवणारी मतं ३५ पडली, विरोधात १९. दोन तृतीयांशासाठी ३६ हवी होती. इथवर इतिहास आहे. त्यापुढची गोष्ट सांगितली जाते ती अशी: यादवी युद्ध जिंकून डोक्यात वारं गेलेल्या जहाल रिपब्लिकनांनी सूडापोटी एका फुटकळ कायद्याचं निमित्त केलं आणि लिंकन यांच्या क्षमाशील धोरणाचा वारसा चालवणाऱ्या अध्यक्षाला हुसकावण्याचा घाट घातला, पण त्यांच्याच पक्षातल्या सात सिनेटरांनी आपल्या कारकिर्दीवर पाणी सोडून तो उधळून लावला. हे सात जण डगमगले असते, तर अमेरिकेचा अध्यक्ष कायमचा संसदेच्या ओंजळीनं पाणी पीत बसला असता.

अमेरिकेत कुठल्याही अध्यक्षाविरुद्ध महाभियोगाची भाषा सुरू झाली की ही गोष्ट नव्यानं सांगितली जाते. तिच्यात खलनायक ठरलेले आहेत, हुतात्मे ठरलेले आहेत, आणि शेवटी राज्यघटना वाचते. मला ती पटत नाही. १८६८ च्या महाभियोगात दोष होते, आणि ते मोठे होते. पण ते अतिरेकाचे नव्हते, कच खाण्याचे होते. जो आरोप ठेवायचा तो ठेवायला लोक कचरले, आणि जो ठेवला तो खऱ्या अपराधाच्या मानानं नखाएवढा होता.

आधी या गोष्टीची कुळी पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम डनिंग यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा इतिहास लिहिला. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार देणं हीच मुळात घोडचूक होती, हे त्या इतिहासाचं गृहीतक. एकदा ते मानलं की त्या मताधिकाराच्या आड येणारा अध्यक्ष आपोआप शहाणा ठरतो आणि त्याला काढू पाहणारे माथेफिरू ठरतात. क्लॉड बॉवर्स यांच्या १९२९ च्या ‘द ट्रॅजिक इरा’ या पुस्तकानं हेच मत घरोघरी नेलं. १९४२ मध्ये हॉलिवूडनं ‘टेनेसी जॉन्सन’ नावाचा चित्रपट काढून त्यावर रंग चढवला. कृष्णवर्णीयांच्या संघटनेनं त्याचा निषेध केला. १९५६ मध्ये जॉन केनेडी यांचं ‘प्रोफाइल्स इन करेज’ आलं. त्यात रॉस यांच्यावर एक अख्खं प्रकरण आहे, आणि त्या पुस्तकाला पुलित्झरही मिळालं. १९९२ मध्ये तर तेव्हाचे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांनीच पुस्तक लिहून जॉन्सन यांच्या सुटकेला न्यायसंस्थेच्या बाजूनं शाबासकी दिली.

मधल्या काळात डनिंग यांचं गृहीतक मोडीत निघालं होतं. डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी १९३५ मध्येच ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ लिहून त्याचे वाभाडे काढले होते. विद्यापीठांतल्या इतिहासकारांना ते पटायला आणखी पंचवीस-तीस वर्षं गेली, एवढंच. आज कृष्णवर्णीयांना मताधिकार देणं चूक होती, असं म्हणण्याची कुणाची छाती नाही. गंमत अशी की गृहीतक टाकून दिलं, पण त्यावरून निघालेला निकाल मात्र तसाच ठेवला. जॉन्सन वाईट होते हे मान्य, तरी महाभियोग चूकच होता, हे त्या निकालाचं आजचं सुधारित रूप आहे. खंडन करायचं ते याचं.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही, आणि तो दुबळा नाहीही. ज्या कायद्याच्या भंगावरून जॉन्सन यांच्यावर खटला चालला तो २ मार्च १८६७ चा पदावधी कायदा. सिनेटच्या संमतीनं नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या संमतीवाचून काढता येणार नाही, असं तो सांगत होता. हा कायदा जॉन्सन यांचे हात बांधण्यासाठीच केलेला होता, हे उघड आहे. १८८७ मध्ये तो रद्द झाला, आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोर्टलंडच्या एका पोस्टमास्तरच्या खटल्यात तो मुळातच घटनाबाह्य होता असा अभिप्राय दिला. शिवाय त्या कायद्यात मंत्र्यांना संरक्षण होतं ते ज्या अध्यक्षानं नेमलं त्याची मुदत आणि वर एक महिना. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना नेमलं होतं लिंकन यांनी, १८६२ मध्ये. मग त्यांना काढल्यानं कायदा मोडला का, हाच प्रश्न होता. तिसरी गोष्ट म्हणजे उपाध्यक्षपद रिकामं असल्यानं जॉन्सन गेले तर अध्यक्ष होणार होते सिनेटचे हंगामी सभापती बेंजामिन वेड, आणि हेच वेड महाशय न्यायाधीश म्हणून मतही देणार होते. २१ फेब्रुवारीला स्टँटनना काढण्याचा हुकूम निघाला आणि २४ तारखेला प्रतिनिधिगृहानं १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूरही केला. आरोपपत्र नंतर लिहिलं गेलं! एवढी घाई कुठल्याही न्यायप्रेमी माणसाला खटकेल.

यातलं जवळजवळ सगळं मी मान्य करतो. वेड यांच्याबद्दल एवढंच म्हणेन की अध्यक्षांचे सख्खे जावई, टेनेसीचे डेव्हिड पॅटरसन हेही सिनेटर होते, त्यांनीही मत दिलं, आणि ते ‘दोषी नाही’ असंच दिलं. त्या सात वीरांच्या कथेत हे जावई कधी फिरकत नाहीत.

पण हे सगळं मान्य केलं तरी सिद्ध काय होतं? आरोपपत्र कच्चं होतं, एवढंच. आरोपी निर्दोष होता, हे त्यातून निघत नाही. महाभियोगाला कारणच नव्हतं, हे तर मुळीच नाही. त्यासाठी १८६५ पासून पाहावं लागतं, आणि प्रचलित कथा नेमकी तिथे घाई करते.

जॉन्सन मूळचे शिंपी. शाळेचं तोंड न पाहिलेला, बायकोच्या मदतीनं लिहायला शिकलेला हा माणूस टेनेसीतून सिनेटपर्यंत पोचला, आणि फुटून निघालेल्या राज्यांतल्या सिनेटरांपैकी संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेला तो एकटाच. बड्या जमीनदारांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. म्हणूनच एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांच्या खुनानंतर ते अध्यक्ष झाले तेव्हा जहाल मंडळींना उलट बरंच वाटलं होतं. २९ मे १८६५ च्या माफीच्या जाहीरनाम्यात त्यांनी २० हजार डॉलरांहून जास्त मालमत्ता असलेल्या बंडखोरांना वगळलं. त्यांनी अध्यक्षांकडे जातीनं अर्ज करायचा होता. अर्ज आले, आणि जॉन्सन माफ्या वाटत सुटले. वर्षभरात या एकाच वर्गातल्या सुमारे सात हजार जणांना माफी मिळाली. कालपर्यंत ज्यांनी आपल्याला हिंग लावून विचारलं नव्हतं ते जमीनदार आज आपल्या दारात टोप्या काढून उभे आहेत, याचं त्यांना सुख वाटत असावं, असा माझा तर्क आहे. पण तो तर्कच. परिणाम मात्र तर्काचा विषय नाही. माफीबरोबर जमीनही परत जात होती.

ही जमीन कोणती? जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये हुकूम काढून दक्षिण कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतची किनारपट्टी आणि बेटं मुक्त झालेल्या गुलामांसाठी राखून ठेवली होती. कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत. सुमारे ४० हजार माणसं तिथे वसली, पेरण्या झाल्या. मुक्तांच्या कल्याणासाठी काँग्रेसनं स्थापन केलेल्या ब्युरोचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांनी उन्हाळ्यात परिपत्रक काढून या जमिनी राखायचा प्रयत्न केला. जॉन्सन यांनी ते मागे घ्यायला लावलं आणि सप्टेंबरमध्ये उलट आदेश काढवला. मग ऑक्टोबरमध्ये हॉवर्ड यांनाच एडिस्टो बेटावर पाठवण्यात आलं, त्या लोकांना समजावायला.

हॉवर्ड यांचा उजवा हात लढाईत गेलेला होता. चर्चमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती. जमिनी जुन्या मालकांना परत जाणार, तुम्ही त्यांच्याकडे मजुरीचा करार करा, हे सांगायला ते उभे राहिले तेव्हा गलका झाला, त्यांना बोलता येईना. मग कुणा बाईनं एक दुःखाचं भजन सुरू केलं, सगळे त्यात मिसळले आणि त्यानंतर त्यांना बोलता आलं, असं खुद्द हॉवर्ड यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. लोकांनी तीन जणांची समिती नेमली. समितीनं हॉवर्डना आणि अध्यक्षांना अर्ज लिहिले. ज्यांनी आम्हाला चाबकानं फोडलं त्यांच्याशी करार करायला सांगता, युद्धात तुमच्या बाजूनं उभे राहिलो ते आम्ही, आणि जमीन मिळते ती तुमच्यावर बंदूक रोखणाऱ्यांना. असा त्या अर्जांचा आशय आहे. जमीनदारांच्या हजारो अर्जांना पावलेल्या अध्यक्षांनी या अर्जांची दाद घेतली नाही.

सुंभ जळला तरी पीळ जळला नव्हता. जॉन्सन यांच्या आशीर्वादानं उभ्या राहिलेल्या दक्षिणेतल्या नव्या विधिमंडळांनी १८६५ च्या अखेरीस ‘काळे कायदे’ केले. मिसिसिपीत प्रत्येक कृष्णवर्णीयाकडे दर जानेवारीत कामावर असल्याचा लेखी पुरावा हवा, नाहीतर तो भटक्या; दंड भरता आला नाही तर दंड भरणाऱ्या गोऱ्याकडे त्यानं राबायचं. वर्ष संपण्याआधी काम सोडलं तर मजुरी बुडाली. दक्षिण कॅरोलायनात शेतमजुरी आणि घरकाम सोडून दुसरा धंदा करायचा तर परवाना काढायचा. काँग्रेसनं याला उत्तर म्हणून ब्युरोची मुदत वाढवली. जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरला. नागरी हक्कांचं विधेयक केलं, पुन्हा नकाराधिकार. एप्रिल १८६६ मध्ये काँग्रेसनं तो दोन तृतीयांशानं मोडून काढला. इतक्या महत्त्वाच्या कायद्यावरचा नकाराधिकार मोडला जाण्याची अमेरिकेच्या इतिहासातली ही पहिली वेळ. चौदावी घटनादुरुस्ती राज्यांकडे गेली तेव्हा ती फेटाळा, असा सल्ला दक्षिणेला अध्यक्षांकडूनच जात होता. त्यांचं स्वतःचं टेनेसी सोडून बंडखोर राज्यांतल्या एकानंही ती तेव्हा मान्य केली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मेम्फिसमध्ये ४६ कृष्णवर्णीय मारले गेले. ३० जुलैला न्यू ऑर्लिन्समध्ये मताधिकाराच्या परिषदेसाठी जमलेल्यांवर पोलिसांनीच हल्ला करून कत्तल केली. जॉन्सन यांनी त्या शरद ऋतूतल्या दौऱ्यात सेंट लुईसला भर सभेत या कत्तलीचं खापर काँग्रेसमधल्या जहालांवर फोडलं.

‘धोरणातला मतभेद म्हणजे गुन्हा नव्हे’ हे वाक्य इथवर चालेल. नकाराधिकार घटनेनंच दिला आहे, माफीचा अधिकारही. १८६७ नंतर मात्र ते चालत नाही. त्या मार्चमध्ये काँग्रेसनं पुनर्रचना कायदा नकाराधिकार मोडून मंजूर केला. दक्षिणेचे पाच लष्करी विभाग झाले, आणि कृष्णवर्णीयांसह मतदार नोंदून नव्या घटना लिहायचं ठरलं. हा आता देशाचा कायदा होता, आणि कायद्यांची निष्ठेनं अंमलबजावणी करणं हे अध्यक्षांचं घटनादत्त कर्तव्य. त्यांनी काय केलं? न्यू ऑर्लिन्सच्या कत्तलीला जबाबदार असलेल्यांना पदावरून हटवणारे, मतदार नोंदणी नेटानं राबवणारे जनरल शेरिडन यांना ऑगस्टमध्ये हलवलं; सरसेनापती ग्रँट यांनी लेखी विरोध केला तरी. त्याच महिन्यात कॅरोलायनांतून सिकल्स गेले, डिसेंबरात जॉर्जियाकडचे पोप. शेरिडन यांच्या जागी यथावकाश आलेल्या हॅन्कॉक यांनी पहिल्याच हुकुमात सगळी सूत्रं मुलकी अधिकाऱ्यांकडे, म्हणजे त्याच जुन्या मंडळींकडे सोपवायचं जाहीर केलं. नकाराधिकार मोडला गेल्यावरही अंमलबजावणीच्या पातळीवर कायदा मारायचा, असा हा प्रकार होता. युद्धखात्यात स्टँटन होते तोवर त्याला लगाम होता. म्हणून स्टँटन नको होते. त्यांच्या बडतर्फीला ‘मंत्रिमंडळातली कुरबुर’ म्हणणारे हे सगळे हुकूम वाचतच नाहीत.

आता हा महाभियोगाचा अपराध होतो का? घटनेत देशद्रोह, लाचखोरी आणि ‘इतर गंभीर गुन्हे व दुर्वर्तन’ अशी भाषा आहे. ती कुठून आली हे आपल्याला तर ठाऊक असायलाच हवं, कारण तिच्यामागे हिंदुस्थान आहे. १७८७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना मसुद्यात फक्त देशद्रोह आणि लाचखोरी होती. जॉर्ज मेसन यांनी हरकत घेतली आणि दाखला दिला वॉरन हेस्टिंग्जचा. हेस्टिंग्जवर तेव्हा लंडनमध्ये महाभियोग चालू होत होता, आणि त्याचे अपराध देशद्रोहात बसत नव्हते. एडमंड बर्क यांनी त्याच्यावर ठेवलेल्या २२ आरोपांत मराठ्यांशी केलेलं युद्ध आणि तह हाही एक होता. सालबाईच्या तहानं मिटलेलं तेच ते युद्ध. मेसन यांनी आधी ‘गैरकारभार’ हा शब्द सुचवला, मॅडिसन यांना तो फार सैल वाटला, मग गंभीर गुन्हे व दुर्वर्तन यावर तडजोड झाली. ज्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून हे शब्द घटनेत आले तो खिसेकापू नव्हता. हाती सोपवलेल्या सत्तेचा त्यानं दुरुपयोग केला, हा त्याच्यावरचा आक्षेप होता.

‘दंडसंहितेतला गुन्हा हवा’ हा आग्रह नंतरचा आहे, वकिली आहे. लायक अधिकाऱ्याला अध्यक्षानं मनमानी करून काढलं तर तो महाभियोगाला पात्र ठरेल, असं १७८९ मध्ये पहिल्याच काँग्रेसमध्ये मॅडिसन म्हणाले होते. लक्षात घ्या, बडतर्फीचा अधिकार एकट्या अध्यक्षाचाच, हे प्रतिपादन करताना ते म्हणाले होते. म्हणजे पदावधी कायदा केराच्या टोपलीत टाकला तरी प्रश्न उरतोच. १८०४ मध्ये न्यायाधीश पिकरिंग यांना सिनेटनं काढलं ते दारू आणि भ्रमिष्टपणापायी. यातला कुठला दंडसंहितेतला गुन्हा? १८६२ मध्ये टेनेसीचेच न्यायाधीश वेस्ट हम्फ्रीज यांना बंडखोरांची साथ केल्याबद्दल काढलं. त्यांच्यावरच्या आरोपांत एक असा होता की त्यांनी बंडखोर सरकारसाठी संघराज्यनिष्ठ नागरिकांची मालमत्ता जप्त केली, आणि अशा नागरिकांत नाव घेऊन उल्लेख होता तो कुणा अँड्र्यू जॉन्सन यांचा. महाभियोगाची व्याप्ती किती मोठी असते हे जॉन्सन यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

खरा आरोप एकदा मांडला गेला होता, हे प्रचलित कथेत येत नाही. १८६७ साली प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीनं अनेक महिने चौकशी केली आणि नोव्हेंबरात ५ विरुद्ध ४ मतांनी महाभियोगाची शिफारस केली. बहुमताच्या अहवालात माफ्यांचा दुरुपयोग होता, जप्त मालमत्ता बंडखोरांना परत करणं होतं, कायद्यानं सक्तीची असलेली शपथ घेऊ न शकणाऱ्यांना पदांवर नेमणं होतं. समितीचे अध्यक्ष जेम्स विल्सन स्वतः रिपब्लिकन. त्यांनी अल्पमताच्या अहवालात सांगितलं की कायद्यानं शिक्षापात्र असा नेमका गुन्हा दाखवा, एरवी महाभियोग नाही. ७ डिसेंबरला सभागृहानं ५७ विरुद्ध १०८ मतांनी ठराव फेटाळला. सूडानं आंधळ्या झालेल्या पक्षाचं हे वागणं आहे का? ज्यांच्याकडे दोन तृतीयांशाहून अधिक जागा होत्या त्यांनी अध्यक्षाविरुद्धचा ठराव आपल्याच मतांनी पाडला. आणि हेच विल्सन तीन महिन्यांनी महाभियोगाचे एक अभियोक्ते झाले, कारण आता नेमका गुन्हा सापडला होता: स्टँटन यांची बडतर्फी.

त्या बडतर्फीचं प्रत्यक्ष नाट्य मात्र तमाशाच्या वगात शोभावं असं. स्टँटन यांच्या जागी नेमलेले ऍडज्युटंट जनरल लोरेन्झो थॉमस आदल्या रात्री फुशारक्या मारत हिंडले आणि २२ फेब्रुवारीच्या सकाळी न्याहारीच्या आधीच पदावधी कायद्याखाली त्यांना अटक झाली. जामिनावर सुटून युद्धखात्यात पोचले, ताबा मागितला. स्टँटन यांनी तो नाकारला. मग थॉमस कुरकुरले की पुढच्या वेळी अटक करवाल तर माझं खाणंपिणं झाल्यावर करवा. स्टँटन यांनी त्यांच्या गळ्यात हात टाकला, केसांतून बोटं फिरवली आणि व्हिस्की मागवली. दोघे प्यायले. त्यानंतर स्टँटन यांनी कार्यालयात ठाण मांडलं ते मे अखेरपर्यंत.

या अटकेवरून बचावपक्षाचा एक लाडका मुद्दा निघतो: जॉन्सन यांना कायदा मोडायचा नव्हता, न्यायालयात त्याची परीक्षा करायची होती. थॉमस यांच्या खटल्यातून ती होऊ शकली असती, आणि खटलाच मागे पडल्यानं ती संधी गेली, हे खरं आहे. पण ऑगस्ट १८६७ मध्ये याच अध्यक्षांनी स्टँटन यांना निलंबित केलं, कायद्यात सांगितल्याप्रमाणे सिनेटला कारणं कळवली, अर्थमंत्र्यांनाही त्याच कायद्याचा हवाला देऊन सूचना पाठवली. सिनेटनं जानेवारीत ३५ विरुद्ध ६ मतांनी निलंबन अमान्य केलं, तेव्हा कुठे कायदा न्यायालयात तपासून घ्यावासा वाटू लागला. निकाल आपल्या बाजूनं लागेपर्यंत पाळायचा तो कायदा, लागला नाही की परीक्षा, याला घटनानिष्ठा म्हणता येत नाही.

आरोपपत्रात अकरा कलमं होती. पहिली आठ स्टँटन-थॉमस यांच्या चिठ्ठ्यांभोवतीच फिरतात. नववं एका सेनाधिकाऱ्याशी झालेल्या संभाषणाचं, दहावं अध्यक्षांच्या आचरट भाषणांचं. ते अभियोक्ते बेंजामिन बटलर यांचं अपत्य आणि ते वगळलं असतं तर बरं झालं असतं. अकरावं जहालांचे पुढारी थॅडियस स्टीव्हन्स यांनी आग्रहानं घातलेलं. ते इतके आजारी होते की त्यांना खुर्चीत घालून सभागृहात आणावं लागे. पुनर्रचना कायद्याची अंमलबजावणी रोखण्याचा प्रयत्न केला, हा खरा आरोप सगळ्या आरोपपत्रात मुख्यतः इथेच आहे, आणि तोही या कलमाच्या शेपटाला, चार गोष्टींच्या गाठोड्यात. एडिस्टो नाही, काळे कायदे नाहीत, न्यू ऑर्लिन्सची कत्तलही स्वतंत्र आरोप म्हणून नाही. बेंजामिन कर्टिस यांच्यासारख्या कसलेल्या वकिलापुढे मग व्हायचं तेच झालं. ड्रेड स्कॉट खटल्यात गुलामगिरीविरुद्ध मत देणारे हेच ते न्यायमूर्ती. त्यांनी स्टँटन यांना लिंकननी नेमलं होतं या एका खुंटीवर सगळा बचाव टांगला. बटलर यांना तो टांगू द्यावा लागला.

आता ते सात जण. लायमन ट्रंबुल आणि विल्यम फेसेंडन यांचे कायदेशीर आक्षेप प्रामाणिक होते, हे मी नाकारत नाही. पण तत्त्वासाठी नुसतं मत दिलं आणि घरी गेले, असं घडलेलं नाही. आयोवाचे ग्राइम्स खटला चालू असताना अध्यक्षांना खासगीत भेटले आणि यापुढे ते उपद्रव करणार नाहीत याची हमी घेऊन आले. मवाळांना चालतील अशा जनरल स्कोफिल्ड यांचं नाव युद्धमंत्रिपदासाठी २४ एप्रिलला पाठवण्यात आलं, ते याच सौद्याचा भाग म्हणून. मग रॉस यांचा निरोप गेला की आर्कान्सा आणि दक्षिण कॅरोलायनाच्या नव्या घटना विनाविलंब काँग्रेसकडे पाठवल्या तर बरा परिणाम होईल. मेच्या पहिल्या आठवड्यात त्या पाठवल्या गेल्या. म्हणजे ज्यांनी ‘दोषी नाही’ म्हटलं त्यांनाही अध्यक्ष कायद्याच्या आड येतात हे पक्कं माहीत होतं. त्यांनी शिक्षेऐवजी जामीन घेतला. हा व्यवहार कदाचित शहाणपणाचाही असेल. त्याला हौतात्म्य का म्हणायचं?

रॉस यांनी तर हिशेब लगेच मांडला. मतानंतर काही आठवड्यांतच त्यांची नेमणुकांसाठी पत्रं अध्यक्षांकडे जाऊ लागली. त्यांचे आश्रयदाते पेरी फुलर यांना जॉन्सन यांनी अंतर्गत महसूल खात्याच्या आयुक्तपदासाठी सुचवलं, सिनेटनं नाकारलं, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या जकातीचं कलेक्टरपद दिलं. या मतांसाठी रोख पैसे फिरले का, याची बटलर यांनी चौकशी केली, संशय भरपूर जमला, सिद्ध काही झालं नाही. मी ते धरत नाही. वशिल्याची पत्रं पुरेशी आहेत. कारकिर्दीची राखरांगोळी झाली म्हणतात तेही पाहा. सातांपैकी कुणी सिनेटवर पुन्हा निवडून गेला नाही, हे खरं. पण फेसेंडन १८६९ मध्ये वारले, ग्राइम्स यांना खटल्यादरम्यानच झटका आला होता आणि त्यांनी प्रकृतीपायी राजीनामा दिला, ट्रंबुल १८७३ पर्यंत सिनेटमध्येच होते. मिसूरीच्या हेंडरसन यांना ग्रँट यांच्याच राजवटीत मद्यकर घोटाळ्याचे विशेष वकील नेमलं गेलं आणि १८८४ च्या रिपब्लिकन अधिवेशनाचं अध्यक्षपदही मिळालं. रॉस न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर झाले. आणि ते एक मत! वेस्ट व्हर्जिनियाचे विली, ऱ्होड आयलंडचे स्प्रेग, न्यूयॉर्कचे मॉर्गन अशी नावं घेतली जातात. गरज पडली असती तर यांतले काही जण सुटकेच्या बाजूला वळले असते, असं त्या वेळच्याच माणसांनी पुढे सांगितलं. रॉस यांच्या मतावर देश तोलला गेला नव्हता. ते फक्त पुढे येऊन उभे होते.

जॉन्सन दोषी ठरते तर पुनर्रचना यशस्वी झाली असती, असं मी म्हणणार नाही. वेड यांच्या हाती जेमतेम दहा महिने आले असते. क्लू क्लक्स क्लॅन होतंच, १८७३ ची मंदी यायची होती, सर्वोच्च न्यायालय चौदाव्या दुरुस्तीची हवा काढून घेणारच होतं. पण अध्यक्षपद बुडालं असतं ही भीतीही तितकीच निराधार आहे. दोन तृतीयांशाची अट जिथल्या तिथे राहणार होती, आणि ती किती अवघड असते हे त्या सिनेटनंच दाखवलं, जिथे ५४ पैकी ४२ जण विरोधी पक्षाचे असूनही ती पुरी झाली नाही. सुटकेनं मात्र एक पायंडा नक्की पडला: दंडसंहितेतला गुन्हा दाखवा, नाहीतर गप्प बसा. पुढच्या महाभियोगांतही हेच वाक्य बचावाच्या कामी आलं आहे.

राहता राहिला तो दावा की जॉन्सन स्वतःसाठी लढत नव्हते, अध्यक्षपदाच्या अधिकारासाठी लढत होते. याचं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं आहे. १८७५ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळानं त्यांना पुन्हा सिनेटवर पाठवलं, त्याच सभागृहात जिथे त्यांच्यावर खटला चालला होता. जुलैअखेर ते वारले; तोवर मार्चच्या छोट्या अधिवेशनात त्यांनी एकच मोठं भाषण केलं. विषय होता लुईझियाना. तिथे कृष्णवर्णीयांच्या मतांवर निवडून आलेलं सरकार टिकावं म्हणून अध्यक्ष ग्रँट यांनी लष्कर वापरलं होतं. अध्यक्षाच्या अधिकारांचे हे कथित रक्षणकर्ते त्या दिवशी अध्यक्षांच्या बाजूनं उभे राहिले नाहीत. ग्रँट यांनी आपला अधिकार ओलांडला, असा हल्ला त्यांनी चढवला.